केरिस पाहताना

जावा बेटावरचा केरिस हा खंजीर हाती आला की नजर आधी नागमोडी पात्यावर जाते. वळणं मोजली तर ती नेहमी विषमच भरतात. काही पाती सरळही असतात. पण वळणांवर फार रेंगाळू नका. पातं उजेडात तिरपं धरा आणि जवळून पाहा.

काळपट लोखंडात रुपेरी रेषा, ठिपके, भोवरे दिसतील. हा पामोर. तो कोरलेला नसतो, वरून चढवलेलाही नसतो. केरिस घडवणाऱ्या लोहाराला एम्पू म्हणतात. लोखंड आणि निकेल असलेला धातू तापवून तो एकजीव करतो, दुमडतो, ठोकतो, पुन्हा दुमडतो. धारेसाठी मधे पोलाद घालतो. शेवटी लिंबाचा रस आणि सोमल लावला की लोखंड काळवंडतं, निकेल मात्र उजळ राहतं. सांडलेल्या तांदळासारखा दिसणारा पामोर मला सर्वांत प्रिय आहे. जावातले जाणकार म्हणतात की तो योजून येत नाही, घडता घडता उमटतो. सुराकार्ताच्या राजवाड्यात तर प्रंबाननजवळ पडलेल्या उल्केचं लोखंडही पामोरासाठी वापरलं गेलं.

लोहाराचा मान पाहायचा तर लावू पर्वतावरच्या सुकुह मंदिरात जावं. तिथल्या १५व्या शतकातल्या शिल्पपटात भीम पातं घडवतो आहे, अर्जुन भाता चालवतो आहे आणि दोघांच्या मधे गणपती नाचतो आहे. केरिसचं वय सांगायचं तर एका जुन्या केरिसवर शके १२६४ असं वर्ष आहे, म्हणजे इसवी सन १३४२. आपल्या पंचांगातलाच हा शक!

घराण्यात चालत आलेल्या केरिसला पुसाका म्हणतात. त्याला स्वतःचं नाव असतं, नावाआधी 'क्याई' ही आदराची उपाधी लागते आणि सुरो महिन्यात त्याला विधिपूर्वक स्नान घालतात. मूठ आणि म्यान पिढीगणिक बदलली तरी चालतं, पातं तेच राहतं. म्हणून संग्राहकाला माझं कळकळीचं सांगणं आहे: पातं घासून चकचकीत करू नका, धार लावू नका, उघड्या बोटांनी चाचपू नका आणि गंमत म्हणून म्यानातून उपसू नका. सोमलाचं काम जाणत्या माणसावरच सोपवा. ते विष आहे.

पात्याइतकीच त्याची ओळखही जपावी लागते. डचांशी लढलेला जावाचा राजपुत्र दिपोनेगोरो १८३० मध्ये पकडला गेला. त्याचा केरिस डच राजाकडे गेला आणि पुढे संग्रहालयात, इतर अनेक केरिसांमध्ये, कुणाचा तेच कळेनासं झालं. संशोधकांनी तो ओळखून काढला, त्यात चित्रकार रादेन सालेह याने लिहून ठेवलेल्या टिपणाची मोठी मदत झाली. २०२० मध्ये तो इंडोनेशियाला परत मिळाला. तेव्हा केरिस घ्याल त्या दिवशीच देणाऱ्याला विचारा: हा कुणाच्या घरचा, कुणाकडून कुणाकडे आला, याचं नाव काय? तो सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्या आणि कागद म्यानाबरोबर ठेवा.