पायांतल्या फुगलेल्या शिरा : उपचार निवडण्याआधी

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'आरोग्यविषयक दोन शब्द' असं छापलंय. मी डॉक्टर नाही. इंजिनिअरिंग करून गेली बावीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे, हे इथे सगळ्यांना माहीत आहे. तरीही संयोजकांनी मला उभं केलं, कारण दीड वर्षापूर्वी माझ्या उजव्या पायाच्या व्हेरिकोज व्हेन्सवर उपचार झाले. त्याबद्दल मी आपल्या ग्रुपवर चार ओळी टाकल्या, तर दोन दिवसांत अकरा जणांनी मला वेगळा मेसेज करून आपापल्या पायांचे फोटो पाठवले. त्यांत चार आपले शिक्षक होते. आपल्या वर्गातल्या डॉक्टर मित्राने हे भाषण आधी वाचून तपासलं आहे. मतं मात्र माझी आहेत, त्याला दोष देऊ नका.

चार शिक्षक निघाले याचं मला नवल वाटलं नाही. आपण तास बाकावर बसून ऐकायचो, सर आणि बाई तो उभ्याने घ्यायचे. असे दिवसाला सहा-सात तास आणि अशी तीस वर्षं. केस कापणारे, पोळ्या लाटणाऱ्या, वाहतूक पोलीस, एसटीचे कंडक्टर, नर्सेस यांचं तेच. अर्थात उभं राहणं हे एकच कारण नसतं. घराण्यात असणं, बाळंतपणं, वजन आणि वय हेही असतं. मी तर दिवसभर खुर्चीत बसून असते, पण माझ्या आईच्या आणि मावशीच्या पोटऱ्यांवर त्याच निळ्या गाठी होत्या.

विज्ञानाच्या तासाला आपण शिकलो होतो की धमन्यांत झडपा नसतात, शिरांमध्ये असतात. त्या वाक्याला तेव्हा एक मार्क होता. पायातलं रक्त हृदयाकडे वर चढायचं, तर पोटरीचे स्नायू ते दाबून वर ढकलतात आणि झडपा ते खाली येऊ देत नाहीत. झडप निकामी झाली की उभं राहिल्यावर रक्त खाली घसरतं. खालच्या शिरेवर भार येतो, ती ताणली जाते, मग तिचीही झडप मिटत नाही. असं एकेक पायरी खाली येत शेवटी पोटरीवर ती वेडीवाकडी निळी दोरी दिसू लागते.

आणि इथेच सगळ्यांची गफलत होते. दोरी दिसते पोटरीवर, पण गळती बऱ्याचदा जांघेत असते. घोट्याच्या आतल्या बाजूने निघून जांघेपर्यंत जाणारी एक लांब शीर कातडीखाली असते. ती जिथे आतल्या मोठ्या शिरेला मिळते, तिथली झडप बिघडलेली असू शकते. कधी गळती गुडघ्यामागे असते, कधी आतल्या आणि बाहेरच्या शिरांना जोडणाऱ्या मधल्या फांद्यांत. आमच्या धंद्यात हे रोजचंच आहे. पडद्यावर चूक दिसते एका ठिकाणी आणि बिघाड असतो भलत्याच फाइलमध्ये. नुसत्या दिसणाऱ्या गाठी काढल्या आणि वरची गळती तशीच ठेवली, तर गाठी परत येतात.

म्हणून मला तुम्हाला मुख्य सांगायचंय ते हे, की लेसर की ऑपरेशन की ग्लू हा प्रश्न नंतरचा. आधी पायाचा नकाशा हवा. तो कलर डॉप्लर सोनोग्राफीने मिळतो आणि शिरांच्या गळतीसाठी ती तपासणी तुम्हाला उभं करून व्हायला हवी. तपासणारा पोटरी दाबून सोडतो आणि रक्त उलटं किती वेळ वाहतं ते पाहतो. कातडीखालच्या शिरांत ते अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त वेळ उलटं वाहिलं, तर झडप गळतेय असं धरतात. आतल्या खोल शिरा मोकळ्या आहेत का, जुनी गुठळी तर नाही ना, हेही त्यातच कळतं. ते कळणं फार गरजेचं आहे, कारण आतला रस्ता बंद असेल तर बाहेरचा बंद करताना दहा वेळा विचार करावा लागतो.

मी पहिल्यांदा ज्या क्लिनिकमध्ये गेले, तिथे मला झोपवून पाच मिनिटं मशीन फिरवलं आणि दोन्ही पायांच्या लेसरचं पॅकेज हातात दिलं. आज ठरवलंत तर सवलत, असंही होतं. दुसऱ्या ठिकाणी मला उभं करून जवळजवळ अर्धा तास तपासलं. डॉक्टरांनी कागदावर पायाचं चित्र काढून लाल पेनने गळतीच्या जागा दाखवल्या. डाव्या पायात काहीच नव्हतं.

आता उपचार. माझा झाला तो रेडिओफ्रिक्वेन्सीने, म्हणजे उष्णतेने शीर आतून बंद करणं. गुडघ्याजवळ सुई टोचून, सोनोग्राफीवर बघत एक बारीक नळी शिरेत घालून जांघेजवळ नेतात. मग शिरेच्या बाजूने, पूर्ण मांडीभर, भुलीचं औषध मिसळलेलं सलाइन टोचतात. त्याने पाय बधिर होतो, शीर नळीवर आवळली जाते आणि आजूबाजूच्या कातडीला, नसांना चटका बसत नाही. सगळ्यात नकोसा भाग हाच, ओळीने दहा-बारा टोचण्या. पुढचं काम मात्र झटपट. नळीचं टोक १२० अंश सेल्सियसला तापतं, २० सेकंदांत साधारण ७ सेंटिमीटर शीर बंद होते, की नळी तेवढी मागे ओढायची. पोटरीवरच्या गाठी दोन-तीन मिलिमीटरच्या छेदांतून हुकने काढल्या. संध्याकाळी मी चालत घरी आले. पुढचे दोन आठवडे मांडीत आतून दोरी ताणल्यासारखं वाटायचं आणि काळेनिळे डाग होते, तेवढंच. लेसरचं तत्त्व हेच, फक्त उष्णता प्रकाशाने देतात. दोन्हींतलं कुठलं, यावर फार डोकं घालवू नका. तुमच्या डॉक्टरांचा ज्यावर हात बसलाय ते चांगलं.

'शीर बंद केली तर रक्त जाणार कुठून?' हा प्रश्न अकराच्या अकरा जणांनी विचारला. पायातलं सुमारे ९० टक्के रक्त आतल्या खोल शिरांमधूनच वर जातं. बंद केलेली शीर तसंही रक्त वर नेत नव्हती, उलट खाली आणत होती.

ग्लू म्हणजे सायनोॲक्रिलेट नावाच्या चिकट द्रव्याने शीर आतून चिकटवणं. त्यात मांडीभर टोचण्या लागत नाहीत, हा मोठा फायदा. पण ते द्रव्य शरीरात राहतं, काहींना त्याने लाल सूज येते आणि खर्चही जास्त असतो. फोममध्ये औषध हवेत घुसळून त्याचा फेस शिरेत सोडतात. हे स्वस्त आणि सोपं आहे. शीर फार वेडीवाकडी असेल किंवा आधीच्या ऑपरेशननंतर गाठी परत आल्या असतील, तर उपयोगी. मात्र शीर पुन्हा उघडण्याची शक्यता जास्त, दोन-तीन वेळा करावं लागतं आणि कातडीवर तपकिरी डाग राहू शकतो.

उरलं जुनं ऑपरेशन, जांघेत छेद घेऊन शीर बांधायची आणि ओढून काढायची. ट्रेंडेलेनबर्ग या जर्मन सर्जनचं नाव त्याला अजून चिकटलेलं आहे आणि त्याची पद्धत एकोणिसाव्या शतकातली. आज जाहिराती बघून वाटतं की ऑपरेशन म्हणजे मागासलेपणा. तसं नाही. ब्रिटनमध्ये ७९८ रुग्णांवर लेसर, फोम आणि ऑपरेशन यांची तुलना झाली, तिचे पाच वर्षांनंतरचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात लेसर आणि ऑपरेशन झालेल्यांचं जगणं फोमवाल्यांपेक्षा बरं होतं. तिथल्या सरकारी मार्गदर्शक सूचना २०१३ पासून आधी उष्णतेचा उपचार, तो जमत नसेल तर फोम आणि तोही नसेल तर ऑपरेशन असा क्रम सांगतात. तालुक्याच्या गावी चांगला सर्जन असेल आणि तो नकाशा काढून ऑपरेशन सुचवत असेल, तर हिरमुसण्याचं कारण नाही.

तेल, जळवा, गोळ्या, पाय भिंतीला टेकवून वर ठेवणं याबद्दलही विचारलं गेलं. पाय वर ठेवल्याने आणि चालण्याने खरोखर बरं वाटतं, मीही करते. पण बिघडलेली झडप यातल्या कशानेही दुरुस्त होत नाही.

आता आपल्या एका बाईंबद्दल. 'सांग, पण नाव नको' या अटीवर त्यांनी परवानगी दिली आहे. त्या आज सभागृहात आहेत, कुठे बसल्यात ते सांगणार नाही. निवृत्तीनंतर त्यांच्या डाव्या घोट्याच्या आतल्या बाजूला, जरा वर, रुपयाएवढी जखम झाली. साडेतीन वर्षं ती भरली नाही. मलमं झाली, अँटिबायोटिक झाली, साखर पाच वेळा तपासली, ती दर वेळी व्यवस्थित. जखमेभोवतीची कातडी काळपट आणि कडक झालेली. जखमेला वास यायचा म्हणून त्यांनी लग्नकार्यांना जाणं सोडलं होतं. आपल्यातल्या कितीजणांच्या लग्नाला बाई आल्या नाहीत, त्यामागे हे होतं. या साडेतीन वर्षांत उभं करून डॉप्लर कुणीच केला नव्हता. केला तेव्हा गळती जांघेत निघाली. लेसरने शीर बंद केली, वरून थराथराची घट्ट पट्टी बांधली, आणि अकराव्या आठवड्यात जखम बुजली. हा काही चमत्कार नव्हे. ब्रिटनमध्येच ४५० जखमवाल्या रुग्णांवर झालेला अभ्यास २०१८ मध्ये आला. ज्यांच्या शिरेवर लगेच उपचार केले, त्यांच्या जखमा भरण्याचा मध्यक ५६ दिवस होता. नुसत्या पट्टीवर ठेवून उपचार पुढे ढकललेल्यांचा ८२ दिवस.

म्हणजे नुसत्या निळ्या रेषा असतील आणि त्रास नसेल, तर घाई नको. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक लालनिळ्या रेषा हा बहुतेक वेळा दिसण्याचा प्रश्न असतो. पण संध्याकाळी घोटा सुजतो, कातडी काळवंडते, खाज येते, तर थांबू नका. एकच पाय अचानक सुजला आणि दुखू लागला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, ती आतली गुठळी असू शकते. फुगलेली शीर फुटून रक्त येऊ लागलं, तर घाबरून उभं राहू नका. आडवं व्हा, पाय उंच करा, स्वच्छ फडक्याने दाबून धरा आणि मदत मागवा. उभं राहिलात तर रक्त थांबत नाही.

विम्याचं थोडक्यात. बऱ्याच पॉलिसींमध्ये या आजाराला पहिली दोन वर्षं पैसे मिळत नाहीत, आणि 'सौंदर्यासाठी' असा शेरा पडला तर मिळतच नाहीत. डॉप्लरचा रिपोर्ट आणि त्रासाची नोंद फाइलमध्ये ठेवा.

शेवटी मोजे. ते आजार बरा करत नाहीत, आवरून धरतात. ज्यांना उपचार करता येत नाहीत आणि ज्यांना अजून शाळेत उभं राहायचंय त्यांना ते कामाचे. मधुमेह असेल किंवा विडी-सिगारेट असेल, तर आधी पायाच्या धमन्यांतला रक्तपुरवठा तपासून घ्या. तो कमी असताना घट्ट मोजे घातले तर पायाला इजा होते. माप घोट्याचं आणि पोटरीचं, सकाळी सूज नसताना घ्यायचं. घालायचे ते अंथरुणातून उठायच्या आधी, आणि टाचेपर्यंत आतली बाजू बाहेर उलटून, नाहीतर निम्म्यात अडकतात आणि लोक कंटाळून कपाटात टाकतात. मी एक जोड आणलाय. जेवणानंतर आठवी 'ब'च्या वर्गात बसते, ज्यांना घालून बघायचेत त्यांनी तिथे या.