गडाच्या पायथ्याचा जमाखर्च

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व अधिकारी यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा गोषवारा)



रायगडावर जाणारा माणूस बाजारपेठेच्या उंच दगडी जोत्यांपाशी थोडा वेळ तरी रेंगाळतोच. समोरासमोर दोन रांगा आणि मधून रुंद रस्ता; छपरे नाहीत, दुकाने नाहीत. राजधानी झाली तरी तिला धान्य, दूध, तेल, कापड लागतच असणार. हिरकणीची आख्यायिका आपण मुलांना मातेच्या मायेची गोष्ट म्हणून सांगतो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या आख्यायिकेतील हिरकणी गडावर गेली होती ती दूध विकण्यासाठी, हे सहसा आपल्या ध्यानात येत नाही. गड आणि त्याच्या पायथ्याची गावे यांचे नाते अभिमानाचे होते, तसेच ते व्यवहाराचेही होते. १८१८ साली गड इंग्रजांच्या हाती गेला आणि तो व्यवहार संपला. आज पर्यटनाच्या निमित्ताने तो पुन्हा उभा राहत आहे. तो पायथ्याच्या माणसाला कितपत लाभतो, एवढाच प्रश्न मला आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या लष्करी भूप्रदेशातील बारा किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यांपैकी साल्हेरपासून सिंधुदुर्गापर्यंतचे अकरा किल्ले महाराष्ट्रात आहेत आणि बारावा, जिंजीचा किल्ला, तामिळनाडूत आहे. ही गोष्ट आपणा सर्वांना भूषणावह आहे. मात्र गडाचा सन्मान झाला म्हणजे पायथ्याच्या घराची मिळकत आपोआप वाढते, असे मानण्याचे कारण नाही. गर्दी वाढणे ही एक गोष्ट आणि धंदा चालणे ही दुसरी.

एक साधा हिशेब मांडून पाहू. आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. समजा, पायथ्याच्या एका कुटुंबाने रविवारी पिठले-भाकरीची चाळीस ताटे दीडशे रुपयांप्रमाणे दिली. जमा झाली सहा हजार. शिधा-सामान २,६००, गॅस ४००, वाहतूक ४०० आणि मदतनिसाची मजुरी ५००, असा खर्च ३,९०० झाला. हाती २,१०० रुपये उरले म्हणून घरात समाधान असते. परंतु नवराबायको दोघेही शनिवार व रविवार राबलेले असतात. त्यांच्या श्रमाची मजुरी दिवसाला चारशे धरली तरी १,६०० रुपये होतात. म्हणजे खरा नफा उरला पाचशे. आता असे समजा, की स्वयंपाक चाळीसांचा झाला आणि पाऊस वाढल्यामुळे आले पंचवीसच. जमा ३,७५० आणि खर्च मात्र तोच ३,९००. दोन दिवसांचे कष्ट तर गेलेच, वर पदरचे दीडशे रुपयेही गेले.

हा धोका काल्पनिक नाही. जुलै २०२४ मध्ये अतिवृष्टीमुळे रायगड काही काळ पर्यटकांसाठी बंद ठेवावा लागला होता. अशा दिवशी ज्याची चूल गडावर अवलंबून आहे, त्याची जमा शून्यावर येते. घेतलेल्या कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. म्हणून या व्यवसायाचे यश एका गर्दीच्या रविवारवरून ठरवू नये. वर्षाचे सर्व दिवस, घरच्या माणसांचे श्रम आणि वाया गेलेले अन्न, हे तिन्ही वहीत आले तरच धंद्याची प्रकृती कळते.

दुसरा मुद्दा पैसा गावात किती टिकतो याचा. पाहुण्याने बाटलीबंद पाणी घेतले, तर त्या पैशातील मोठा भाग दूरच्या कारखान्याकडे जातो आणि रिकामी बाटली तेवढी गडावर उरते. त्यानेच नाचणीची भाकरी, कुळथाचे पिठले आणि ताक घेतले, तर शेतकरी, गिरणीवाला आणि गाय-म्हैस राखणारे घर या सर्वांपर्यंत तो पैसा पोहोचतो. विक्री सारखीच असली तरी गावाच्या दृष्टीने दोहोंचे मोल सारखे नाही.

तिसरा मुद्दा पाहुण्याच्या मुक्कामाचा. १९९६ पासून रायगडावर दोरवाट सुरू आहे. वृद्धांची व लहान मुलांची तिने मोठी सोय केली. पण दोरवाटेने जाणारा पायऱ्यांच्या वाटेवरील ताकविक्याला भेटत नाही आणि संध्याकाळी परततोही. जो रात्री गावात राहतो, तो दोन वेळा जेवतो आणि सकाळी पाचाडला जिजाऊंच्या समाधीचे दर्शन सावकाश घेतो. अशा पाहुण्यासाठी नव्या इमारतीच हव्यात असे नाही. स्मारकविषयक कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीने राष्ट्रीय संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत नवे बांधकाम निषिद्ध केले आणि त्यापुढील दोनशे मीटरपर्यंत ते परवानगीच्या अधीन ठेवले. तेव्हा असलेल्याच घरातील एक स्वच्छ खोली, पाणी आणि शौचालय यांपासून आरंभ करणे शहाणपणाचे ठरेल.

आता आपणा तिघांच्या कर्तव्याविषयी. पंचायत सदस्यांना माझी विनंती अशी, की वाहनतळ, पिण्याचे पाणी, शौचालये व कचरा ही कामे आधी हाती घ्यावीत. या सोयी कोणताही एक दुकानदार उभारू शकत नाही आणि त्यांच्यावाचून कोणाचेच दुकान नीट चालत नाही. जेवण देणाऱ्या कुटुंबांनी आपसांत पाळ्या लावाव्यात व येणाऱ्यांची संख्या आगाऊ विचारून घ्यावी. म्हणजे अन्न वाया जाणार नाही आणि भाव पाडण्याची चढाओढही होणार नाही.

शिक्षकांना विनंती अशी, की शाळेची सहल न्यावयाची असेल तर आठ दिवस आधी पायथ्याच्या गावाला मुलांची संख्या कळवावी आणि एक वेळचे जेवण तेथेच घ्यावे. सहली आठवड्यातील कामाच्या दिवशी नेल्यास मोकळ्या दिवसांनाही कमाई लाभेल. गावातील तरुण वाटाड्यांना खरा इतिहास सांगण्यास शिकवणे, आख्यायिका ही आख्यायिका म्हणूनच सांगण्याची सवय लावणे, हे काम शिक्षकांवाचून कोण करील?

अधिकाऱ्यांना एवढेच सांगणे आहे, की अन्नविक्रीची नोंदणी, उद्यम नोंदणी आणि बँकेची कागदपत्रे यांसाठी भाकरी थापणाऱ्या भगिनीला एकेका दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याला हेलपाटे घालावे लागू नयेत. वर्षातून एक दिवस गावातच शिबिर घेतले, तर बचत गटाच्या अनेक सभासदांचे काम एकाच बैठकीत होईल. कर्जाचे हप्तेही हंगाम पाहून बांधून द्यावेत.

शेवटी एक सूचना करतो. प्रत्येक घराने आपली वही ठेवावी आणि वर्षअखेरीस ग्रामसभेत तीन प्रश्नांची उत्तरे घ्यावीत : किती दिवस धंदा झाला, मजुरी वजा जाता काय उरले, आणि त्यातील किती पैसा गावात राहिला? गडावर किती माणसे आली हा आकडा वर्तमानपत्रांत येईलच. या तीन उत्तरांचा आकडा मात्र आपणच लिहून ठेवला पाहिजे. कारण पायथ्याच्या गावातील मुलगा पोटासाठी मुंबईची गाडी धरणार, की गावातच राहून आलेल्याला गड दाखवणार, हे त्या वहीवरच ठरणार आहे.