गोरोबांच्या अंगणातला अनोळखी गडी

(तेर येथे केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



तेरणेच्या काठी, संत गोरोबाकाकांच्या समाधीच्या गावी त्यांची कथा सांगणे म्हणजे कुंभाराच्या दारी मडकी विकणे! तरीही ती सांगतो; कारण माझा उजवा हात गेल्यापासून ती मला निराळीच ऐकू येते.

दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. तीस वर्षे ज्या हाताने बातम्या लिहिल्या, तो मांडीवर पडून राहू लागला. पुढे एकदा बसस्थानकावर माझ्या बुटाचा बंद सुटला. शेजारचा एक मजूर तरुण काही न बोलता वाकला व तो बांधू लागला. मी पाय मागे घेतला. ‘‘राहू द्या, जमतं मला!’’ म्हणून खेकसलो. जमत नव्हतेच. तो ओशाळून उठला. गाडी लागली. मी पाय ओढत चढलो. तो माझ्या मागे, हात न लावता, पण पडलो तर सावरता येईल एवढ्या अंतरावर चढत होता.

कथेत गोरोबांनी आपले हात तोडून घेतले, चाक थांबले. मग विठ्ठल कुंभाराच्या वेशात त्यांच्या घरी कामाला राहिला. यात सारे देवाचे मोठेपण पाहतात. माझी दृष्टी गोरोबांवर खिळते. थापटणे हाती घेऊन संतांमध्ये कच्चे मडके कोणाचे, हे ठरवणारा हा अधिकारी पुरुष! कारागिराला दुसऱ्याच्या हातची माती सहसा पटत नाही. तरी त्यांनी आपले चाक एका परक्या गड्याच्या स्वाधीन केले. तो देव आहे हे ठाऊक असते, तर होकार कोणीही दिला असता. त्यांना ते ठाऊक नव्हते. पुढे पंढरीत हात परत आले, असे कथा सांगते; मी मात्र त्या मधल्या दिवसांपाशीच थांबतो.

गैरसमज नको. सरकारी कचेरीतला उतरता रस्ता हा उपकार नव्हे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने तो आमचा अधिकार आहे. त्यासाठी हात जोडायचे नाहीत. आणि अंध माणसाला न विचारता दंडाला धरून रस्ता ओलांडायला लावणे, ही मदत नव्हे. पण बुटाचा बंद कोणता कायदा बांधणार? तिथे अनोळखी माणूसच लागतो.

मघाशी येथील एका स्वयंसेवकाने विचारले, ‘‘काका, कागद धरू का?’’ जुनी सवय. ‘नको’ ओठांवर आले होते. तो माझ्या शेजारी उभा राहून पाने उलटतो आहे, हे आपण पाहताच आहात. बाळा, हे शेवटचे पान.