बंदा नांदेडहून निघाला
(एव्हरशाईन सिटी, वसई इथल्या बैठकीतलं भाषण)



बंदा सिंग बहादूर म्हटलं की आपण 'शिखांचा सेनापती' म्हणून बाजूला सारतो. चूक करतो. १७०८ साली हा नांदेडला गोदाकाठी बैरागी होता. गुरू गोविंदसिंगांनी त्याला मठातून उठवलं, पंजाबात धाडलं. १७१०ला त्यानं सरहिंद घेतलं. पण खरी लढाई पुढंच. त्यानं जमीनदारी मोडली, कसणाऱ्याला जमीन दिली. त्याला मिळालेला झाडूवाला, चांभार हुकूमनामा घेऊन आपल्याच गावात अंमलदार म्हणून परतायचा. मोगलांच्या तवारीखकारांनीच हे जळफळत लिहून ठेवलंय. तलवारीपेक्षा हेच झोंबलं. १७१६ साली दिल्लीत त्याच्यासमोर त्याचं पोर कापलं, मग त्याला हाल हाल करून मारलं. धर्म बदल, जगशील, म्हणाले. नाही बदलला.

त्याच नांदेड जिल्ह्यात १९७८ला, नामांतराच्या दंगलीत, पोचिराम कांबळेंना मारलं. जयभीम सोडला नाही म्हणून! विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागायला १९९४ उजाडलं.

आपण गाव सोडून इथं फ्लॅटांत आलो. सुटलो म्हणतो. बंदाची माणसं गावी परतली ती हुकूमनामा घेऊन. आपण परततो लग्नाला, मयतीला. जमिनीचं कोण विचारणार?