चिमूरचें खंजिरी-भजन

चांदा जिल्ह्यांतील चिमूर हें गांव १९४२ सालच्या ऑगस्टांत साऱ्या देशाला ठाऊक झालें. (गडचिरोलीचा मुलूखही तेव्हां ह्याच जिल्ह्यांत होता.) त्या दिवसांची हकीकत सांगतांना तुकडोजी महाराजांच्या एका हिंदी भजनाचा उल्लेख हटकून होतो, धोंड्यांचे बॉम्ब होतील अशी ग्वाही देणारें तें भजन. त्याची घडण मात्र क्वचितच कोणी न्याहाळून पाहतो.

महाराजांचा जन्म १९०९ सालीं अमरावती जिल्ह्यांतील यावली येथें झाला. मूळ नांव माणिक बंडोजी इंगळे. तरुणपणीं त्यांनीं रामदिघी, गोंदोडा येथील अरण्यांत वास केला होता. येथील रानवाटा आणि येथील श्रोता, दोन्ही त्यांच्या परिचयाचे. हातीं वाद्य एकच, खंजिरी. तिला ना पेटीवाला लागत, ना तबलजी. एका हातांत धरावी, दुसऱ्यानें वाजवावी आणि पायींच पुढल्या गांवाला निघावें. सडका नसलेल्या मुलखांत ही सोय लहान नव्हे. भजनाचे चरण आंखूड, आणि ध्रुपद एकदां ऐकतांच समुदायानें उचलावें असें. भाषा हिंदी खरी, पण पोथींतली नव्हे. मध्यप्रांतांतील बाजारहाटांत मराठी माणसाच्या कानीं रोज पडणारी.

खरी गंमत आहे ती अर्थांत. बंदूक कोणाच्या घरीं असणार? झाड आणि दगड मात्र जंगलांतल्या माणसाच्या दारांतच. त्यांनाच कवि शस्त्रांचें रूप देतो, भक्तांची सेना करतो आणि नाव तीराला लावतो. भवसागरांतली ही नाव संतवाणींत फार जुनी आहे. त्या जुन्या साजांत ‘बॉम्ब’ हा शब्द तेवढा नवा, आणि तोही महायुद्धाच्या बातम्यांनीं गांवोगांव पोंचविलेला.

मुंबईस ८ ऑगस्टला ‘छोडो भारत’चा ठराव झाला, दुसऱ्याच दिवशीं पुढाऱ्यांची धरपकड झाली. १६ तारखेस, नागपंचमीच्या दिवशीं, चिमुरांत लोक रस्त्यावर उतरले. गोळीबारांत बालाजी रायपूरकर पडला. संतप्त जमावाच्या हातून सरकारी अधिकारीही मारले गेले. पुढें फौज आली. तिनें स्त्रियांवर केलेल्या अत्याचारांच्या चौकशीसाठीं प्राध्यापक भणसाळी यांनीं त्रेसष्ट दिवस उपोषण केलें. महाराजांना त्याच ऑगस्टांत अटक होऊन नागपूर व रायपूर येथील तुरुंगांत ठेवण्यांत आलें.

सरकारनें रूपक अक्षरशः वाचलें, असें म्हणून हात झटकतां येतील काय? १९३६ सालीं गांधीजींच्या सहवासांत राहून आलेल्या ह्या साधूला रक्तपात अभिप्रेत असेल, असें मानवत नाहीं. पण त्या दिवशीं चिमुरांत धोंडे खरोखरीच उचलले गेले. भजनानें दंगा घडविला म्हणणें म्हणजे लोकांच्या स्वतःच्या संतापाला कमी लेखणें होय; त्याचा कांहींच हात नव्हता म्हणणें हा भाबडेपणा. हजारों कंठांतून गेलेलें ध्रुपद कवीचें एकट्याचें राहत नाहीं, हें कवीलाही ठाऊक असतेंच.

सुटकेनंतर, १९४३ सालीं, महाराजांनीं श्रीगुरुदेव सेवा मंडळ स्थापिलें. भजनांचे विषय आतां ग्रामसफाई, व्यसनें, अस्पृश्यता असे झाले. चाल, ठेका आणि आंखूड चरण मात्र तेच राहिले. १९५५ सालीं जपानांतील विश्वधर्म परिषदेस ते गेले, तेव्हांही हातीं खंजिरीच होती.