ड्रॅगनची विचारपूस

मी शाळेत शिकवत होते तेव्हा शनिवारचा शेवटचा तास गोष्टीचा असे. एका वर्षी पाचवीच्या माझ्या वर्गात एक नवा मुलगा आला. त्याच्याआधी त्याची कीर्ती आली होती. "जपून हं बाई, मारकुटा आहे," असं मला शिक्षकांच्या खोलीत सांगण्यात आलं. मी त्याला शेवटच्या बाकावर एकटं बसवलं.

त्याच सुमारास मी वर्गात केनेथ ग्रॅहॅम यांची 'द रिलक्टंट ड्रॅगन' ही गोष्ट सांगितली. ग्रॅहॅम बँक ऑफ इंग्लंडमध्ये नोकरीला होते. ही गोष्ट ज्यात आहे, तो 'ड्रीम डेज' हा त्यांचा संग्रह १८९८ साली निघाला. ड्रॅगन म्हणजे आग ओकणारा, माणसं खाणारा प्राणी, अशीच आपली समजूत. ग्रॅहॅमचा ड्रॅगन मात्र आळशी, गप्पिष्ट आणि कविता करणारा. इंग्लंडमधल्या बर्कशायरच्या टेकड्यांवर तो एका गुहेत राहतो. एका मेंढपाळाचा पुस्तकवेडा मुलगा त्याला भेटायला जातो. गंमत अशी की घाबरतो तो ड्रॅगनच. मारू नकोस, दगड फेकू नकोस, असं तोच आधी विनवतो! मुलगा म्हणतो, मी नुसती विचारपूस करायला आलोय.

पुढे सेंट जॉर्ज हा वीर गावात येतो. ड्रॅगननं कुणाचंच काही बिघडवलेलं नसतं, तरी गावकरी त्याच्या अत्याचारांच्या कहाण्या रचून सांगतात. कारण त्यांना झुंज बघायची असते. पैजासुद्धा लागलेल्या असतात. अखेर मुलगा दोघांची गाठ घालून देतो आणि लुटुपुटीची लढाई ठरते. ड्रॅगन ठरल्याप्रमाणे पडतो, मग मेजवानी होते आणि रात्री वीर, ड्रॅगन आणि मुलगा हातात हात घालून टेकडी चढू लागतात.

गोष्ट संपली. मुलं हसत होती. शेवटच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, गावातलं दुसरं कुणी त्याला आधी भेटायला का नाही गेलं?"

मला उत्तर देता येईना. दोन महिन्यांत मी तरी त्या मुलाला काय विचारलं होतं? हजेरी आणि गृहपाठ, एवढंच. शाळा सुटल्यावर त्याला थांबवून घेतलं. तो आधी दाराकडेच बघत राहिला. शिक्षा होणार, असं त्याला वाटलं असावं. "घरी कोण कोण असतं रे?" मी विचारलं. हळूहळू तो बोलू लागला. बोलताना तो अडखळायचा. मुलं त्यावरून चिडवत, मग याचा हात उठे.

सोमवारी मी त्याला पुढच्या बाकावर आणलं. एका गोष्टीनं मूल बदलतं, असं मी म्हणणार नाही. त्या वर्षी त्यानं आणखी दोनदा मारामारी केली. पण दोन्ही वेळा काय झालं ते मी आधी त्याला विचारलं.