गुडघा, विजया आणि न सांगितलेली गोष्ट



माझी पदवी इंजिनिअरिंगची, डॉक्टरकीची नाही, हे आधीच सांगते. तरी हा विषय घेतला, कारण आता आपल्या आईवडिलांचे गुडघे बदलण्याचे दिवस आलेत, आणि 'विजया तेल द्या, दुखणं पळेल' असे मेसेज घरोघरी फिरतायत.

विजया म्हणजे भांग. आयुर्वेदात ती जुनी. १८३९ मध्ये कलकत्त्यात डॉ. ओशॉनेसी यांनी तिच्यावरचे प्रयोग मांडले. १९६४ मध्ये इस्रायलमध्ये मेकूलम आणि गाओनी यांनी तिच्यातला नशेचा घटक, टीएचसी, वेगळा केला. १९९२ मध्ये मेंदूतच तयार होणारा, तसंच काम करणारा पदार्थ सापडला. त्याचं नाव 'आनंदामाइड', आपल्या 'आनंद' शब्दावरून.

म्हणजे झाडात गुण आहे. पण ऑपरेशननंतरच्या दुखण्यावर त्याचा ठोस फायदा चाचण्यांत अजून दिसलेला नाही. अमेरिकेत २०१८ मध्ये सीबीडीचं औषध मंजूर झालं, तेही फिट्सच्या दुर्मिळ आजारांसाठी.

उलट बाजूही ऐका. गुडघा बदलल्यावर रक्त पातळ ठेवणारी औषधं देतात. त्यातल्या वॉरफरिनचा परिणाम सीबीडीमुळे वाढून रक्तस्राव होऊ शकतो. टीएचसीने चक्कर येते, आणि पेशंट तर वॉकर धरून पहिली पावलं टाकत असतो. नेहमी गांजा घेणाऱ्याला भूल जास्त लागू शकते, नंतर दुखतंही जास्त.

१९८५ च्या कायद्याने गांजा आणि चरस यांवर बंदी आहे. नुसती पानं त्या व्याख्येत येत नाहीत, म्हणून पानांची आयुर्वेदिक औषधं मिळतात. पण कायद्याच्या विषारी द्रव्यांच्या यादीत भांग आहे. ती वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यायची.

खरी अडचण लाजेची आहे. आपले वडीलधारे डॉक्टरांना हे सांगतच नाहीत. म्हणून ऑपरेशनआधी आपणच विचारायचं, "बाबा, झोपेसाठी, दुखण्यासाठी आणखी काही घेता का?" आणि ते भुलीच्या डॉक्टरांना सांगायचं. ते रागवायला नाही, डोस ठरवायला विचारतात.

आणि दुखणं मुकाट सोसायलाही सांगू नका. दुखतं म्हणून व्यायाम टाळला की गुडघा आखडतो. नर्व्ह ब्लॉक, पॅरासिटामॉल, बर्फाचा शेक असे उपाय आहेत. ते हक्काने मागा.

शाळेने आपल्याला शंका विचारायला शिकवलं. तीच सवय दवाखान्यात न्यायची, एवढंच.